अलास्काची क्रूझ आणि बाबांचा विमा: जूनोहून सिअ‍ॅटलला नेणार कोण?

दादाने क्रूझचं बुकिंग केलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हिमनद्या होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर बाबांची अँजिओप्लास्टी. बाबा सत्तरी ओलांडलेले. एक स्टेंट, जोडीला मधुमेह आणि बीपी. दादा सिअ‍ॅटलला, आम्ही ठाण्यात. उन्हाळ्यात आई-बाबा त्याच्याकडे राहायला जाणार, मी रजा काढून तिथे पोचणार आणि सगळे मिळून सिअ‍ॅटलहून अलास्काची क्रूझ करणार, असा बेत होता. तिकिटं आणि व्हिसा दादाने पाहिले. विमा माझ्याकडे आला, कारण बाबांच्या फायली माझ्या कपाटात असतात.

आमचे नेहमीचे एजंट म्हणाले, "ताई, डोळे मिटून पाच लाख डॉलरचं घ्या. हप्त्यात फार फरक नाही." मी डोळे उघडे ठेवून पॉलिसीचा मजकूर मागवला. पहिल्या पानावर पाच लाख डॉलर ठळक अक्षरांत होते. बऱ्याच आत एक तक्ता होता: साठीच्या पुढच्या प्रवाशांसाठी खोलीचं भाडं दिवसाला इतकं, आयसीयू इतकं, शस्त्रक्रिया इतकी, अँब्युलन्स इतकी. एकेका खर्चाला घातलेल्या या कमाल मर्यादेला सब-लिमिट म्हणतात. अमेरिकेत आयसीयूचं बिल त्या आकड्यांना दोन दिवसांतच मागे टाकेल. मग वरच्या पाच लाखांचा उपयोग काय? त्या दिवसापासून मी कुठल्याही पॉलिसीत आधी हा तक्ता शोधू लागले आणि ज्यात तो होता ती बाजूला ठेवली. यादी लगेच आटोपशीर झाली.

मग मी नकाशा उघडला, आणि विम्याकडे बघण्याची माझी रीतच बदलली. जहाजाचा मार्ग होता जूनो, स्कॅगवे, ग्लेशिअर बे, केचिकन, शेवटी कॅनडातलं व्हिक्टोरिया आणि परत सिअ‍ॅटल. जूनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरच्या जगाशी जोडणारा एकही रस्ता तिथे नाही. विमानाने या, नाहीतर बोटीने. तिथे रुग्णालय आहे, स्कॅगवेत फक्त क्लिनिक, आणि ग्लेशिअर बेमध्ये जहाज धक्क्याला लागतच नाही. दिवसभर बर्फाच्या कड्यांसमोर फिरून बाहेर पडतं. हृदयाचं मोठं काही निघालं तर रुग्णाला विमानाने सिअ‍ॅटल किंवा अँकरेजला हलवतात. तेव्हा बाबांच्या बाबतीत खरा प्रश्न रुग्णालयाच्या बिलाइतकाच तिथे पोचण्याचा होता.

मी वहीत त्याचे तीन टप्पे केले. जहाजावरून किनाऱ्यावर, किनाऱ्यावरच्या छोट्या रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयात, आणि बरं वाटल्यावर तिथून ठाण्याला. प्रत्येक टप्प्याचे पैसे कोण देणार, एवढंच विचारत सुटले.

पहिल्या टप्प्याचं उत्तर अनपेक्षितपणे बरं निघालं. अमेरिकेचं कोस्ट गार्ड समुद्रातून सुटका करण्याचे पैसे घेत नाही. त्यांची हेलिकॉप्टरं त्याच भागात, सिट्काला असतात. पण जहाजावरून माणूस उचलणं जोखमीचं असतं, म्हणून शक्य तोवर जहाजाचे डॉक्टर रुग्णाला स्थिर करून पुढच्या बंदरात उतरवणंच पसंत करतात. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल मात्र केबिनच्या खात्यावर चढतं. तिथे आपला कॅशलेस चालत नाही; आधी भरायचं, मग तपशीलवार बिल घेऊन क्लेम करायचा.

खरा खर्च दुसऱ्या टप्प्यात. एअर अँब्युलन्सने हलवण्याचा खर्च एक लाख डॉलरच्याही पुढे जाऊ शकतो, असं अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी प्रवाशांना सांगते. आणि इथेच पॉलिसीतलं एक वाक्य फार महत्त्वाचं: हलवणं 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक' असायला हवं आणि ते 'जवळच्या योग्य रुग्णालयात' होईल. योग्य कोणतं, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून विमा कंपनीच्या वतीने परदेशात मदतीची व्यवस्था पाहणारी असिस्टन्स कंपनी ठरवते. आपण घाबरून स्वतःच विमान ठरवलं तर ते पैसे मिळत नाहीत. दादा सिअ‍ॅटलला राहतो म्हणून बाबांना तिथेच नेतील, असं मुळीच नाही. तिसऱ्या टप्प्यातही तेच. स्ट्रेचरवरून विमानाने भारतात आणायचं तर इकॉनॉमीच्या बऱ्याच जागा अडतात, सोबत डॉक्टर किंवा नर्स लागते. हे सगळं मूळ रकमेत धरलंय की त्याला वेगळी छोटी मर्यादा आहे, हे मी प्रत्येक कंपनीला ईमेलवर विचारलं. फोनवर सगळेच "हो मॅडम, कव्हर्ड आहे" म्हणतात.

मध्येच दादाचा फोन. "अगं, इथला व्हिजिटर इन्शुरन्स घेऊ. इथल्या हॉस्पिटलांना तो ओळखीचा असतो." मुद्दा चुकीचा नव्हता. पण त्या पॉलिसींत जुन्या आजारासाठी एक अट असते: त्रास अचानक, कसलीही पूर्वसूचना नसताना उद्भवला पाहिजे आणि 24 तासांत उपचार सुरू झाले पाहिजेत. हळूहळू बळावलेलं दुखणं त्यात बसत नाही. वय सत्तरच्या पुढे गेलं की या कव्हरची रक्कम आणखी घसरते. दादाने पाठवलेल्या एका प्लॅनमध्ये अशा प्रसंगी हलवण्यासाठी जेमतेम 25,000 डॉलर होते. मी ते वाक्य त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. मग क्रूझ कंपनीचा स्वतःचा प्लॅन पाहिला. तो सफर रद्द झाली तर पैसे परत मिळवायला बरा, पण वैद्यकीय मर्यादा लहान आणि भारतात राहणाऱ्यांना तो मिळतच नव्हता.

शेवटी भारतीय पॉलिसीच ठरली. अडीच लाख डॉलर, ज्येष्ठांसाठीची, सब-लिमिट नसलेली, 'अमेरिका व कॅनडासह' असलेली. जुन्या आजारातून जीवघेणी वेळ आली तर कव्हर मर्यादित होतं, पण ती मर्यादा आकड्यात लिहिलेली होती आणि हलवण्याचा खर्च त्याबाहेर, मूळ रकमेतून होता. पाच लाखांच्या त्या पहिल्या पॉलिसीपेक्षा ही महाग पडली, पण मला ती स्वस्तच वाटली. एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून घेतली होती: आपल्याकडच्या अशा पॉलिसी बहुधा भारतातून निघण्याआधीच घ्याव्या लागतात. "तिकडे गेल्यावर बघू" इथे चालत नाही.

प्रपोझल फॉर्म भरताना घरात खरी जुंपली. बाबा म्हणाले, "अगं, सगळं लिहिलंस तर ते पॉलिसी देणारच नाहीत. डायबेटिस कंट्रोलमध्ये आहे, तो कशाला लिहायचा?" आई त्यांच्या बाजूने. मी सगळं लिहिलं: स्टेंटची तारीख, गोळ्यांची नावं, अलीकडे बदललेला डोससुद्धा. लपवलेला मधुमेह क्लेमच्या वेळी जुन्या केसपेपरमधून बाहेर येतो, आणि मग हृदयाचा क्लेमही त्याच्यासोबत बुडतो. त्यांच्या कार्डिओलॉजिस्टकडून प्रवासाला हरकत नसल्याचं पत्र घेतलं, डिस्चार्ज समरी आणि शेवटचा ईसीजी मोबाईलमध्ये आणि कागदावर, दोन्ही ठेवले. ठाण्यातला ईसीजी जूनोतल्या डॉक्टरला तुलनेसाठी लागतो, हे त्या कार्डिओलॉजिस्टनीच सांगितलं.

माझ्यासाठी आणि आईसाठी साधी पॉलिसी पुरली. त्यावर फार वेळ घालवला नाही. फक्त सोबतच्या माणसाचं कलम पाहिलं: बाबांना जूनोत उतरवलं तर जहाज थांबणार नाही, मी त्यांच्याबरोबर उतरणार, माझं हॉटेल आणि परतीचं तिकीट कोण देणार? आमच्या पॉलिसीत एका नातेवाइकाचा खर्च होता, तोही रुग्णालयात ठराविक दिवस काढल्यावरच.

आईने मात्र शेवटच्या क्षणी नवीच टूम काढली. तिला जूनोहून हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरायचं होतं. विमा कंपनीला लिहून विचारलं. उत्तर आलं की नियमित वेळापत्रकाच्या विमानसेवेबाहेरचं उड्डाण या पॉलिसीत येत नाही. बाबा जिंकल्यासारखे हसले, आई व्हेल बघायच्या बोटीत बसली.

असिस्टन्सचा नंबर देशाच्या कोडसकट छापून मी तिघांच्या पासपोर्टच्या पाउचमध्ये घातला होता. जहाजावरच्या वायफायचा भरवसा नको. पण त्या नंबरची गरज पडली नाही. स्कॅगवेनंतर बाबांना खोकला झाला, दवाखान्यात औषध दिलं, बिल केबिनच्या खात्यावर आलं. ते डिडक्टिबलच्या, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायच्या रकमेच्या, आतच होतं, म्हणून क्लेम केलाच नाही.