कोपराच्या खळगीतला गुलाब

वेंगुर्ल्यात होळीच्या सुमारास सुगंध म्हणजे सुरंगी. वळेसर घेऊन बसलेल्या बायका दिसण्याआधीच तिचा वास येऊन गाठतो, आणि कोणा एकीने केसांत माळलेला वळेसर अख्ख्या एसटीला पुरतो. अशा वासांत लहानाची मोठी झाल्यामुळे, गेल्या वर्षी कनौजचे गुलाबाचे अत्तर पहिल्यांदा लावले तेव्हा मला आपण फसलो असेच वाटले. कुपीतल्या काडीने मनगटावर ठिपका लावला, हुंगला, आणि गुलाब कुठे आहे तेच कळेना.

पहिली पाच-दहा मिनिटे त्याला गुलाब म्हणवत नाही. लिंबाचे पान चुरगळल्यासारखी हिरवट, किंचित तिखट लहर येते आणि तिच्यामागे चिंचेने घासलेल्या तांब्याच्या कळशीचा भास होतो. आपल्या डोक्यात गुलाबाचा म्हणून जो वास बसलेला असतो तो लग्नात गुलाबदाणीतून शिंपडलेल्या गुलाबपाण्याचा. फिनाइल इथाइल अल्कोहोल हा त्या गोड वासाचा मोठा वाटेकरी पाण्यात विरघळतो, म्हणून पाकळ्या उकळताना त्याचा बराचसा भाग पाण्याबरोबरच जातो. तेलाच्या वाट्याला मुख्यतः सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल ही गंधद्रव्ये येतात, आणि लेशमात्र असूनही नाकाला ठळक जाणवणारे डॅमासेनोन.

हे डॅमासेनोनच असावे असे मला वाटते, कारण अर्ध्या तासाने मनगटावर मध उतरतो, आणि त्या मधाला शिजलेल्या फळाची आंबूस कड असते, रातांब्याच्या साली आगळात मुरत असताना ओसरीवर येते तशी. इथे खरा गुलाब सुरू होतो. पण तो हाताबाहेर जात नाही. मनगट नाकाशी न्यावे लागते.

त्याचे कारण अत्तराच्या पारंपरिक घडणीत आहे. पाकळ्या आणि पाणी तांब्याच्या डेगेत घालून झाकण मातीने लिंपतात, वाफ बांबूच्या चोंग्यातून भपका नावाच्या भांड्यात उतरते, आणि पाण्यात बुडवून गार ठेवलेल्या त्या भपक्यात आधीपासूनच चंदनाचे तेल असते. म्हणजे हा गुलाब जन्मापासून चंदनात मुरलेला. फवारणीच्या सेंटमधले अल्कोहोल क्षणात उडते आणि वास चारही दिशांना फेकते. चंदनाचे तेल तो धरून ठेवते आणि अंगाच्या उबेवर थोडा थोडा सोडते. (१ किलो शुद्ध गुलाबतेलाला सुमारे ३००० ते ४००० किलो पाकळ्या लागतात, तेव्हा पन्नास रुपयांच्या बाटलीत गुलाब शोधू नये.)

हा संयम न कळल्याने माझी फजितीही झाली. नाक सतत येणाऱ्या वासाला सरावते आणि तो सांगेनासे होते. मला वाटले अत्तर उडाले, म्हणून दुपारपर्यंत मी ते तीनदा लावले. जेवताना बांगड्याच्या तिखल्याचा पहिला घास घेऊन नवरा थांबला आणि म्हणाला, "बांगड्यात गुलाब घातलंस काय गो?"

आता मी मनगटाला लावतच नाही. मासे साफ करून, साबण-लिंबाने हात धुऊन झाल्यावर मनगटावर काय उरणार? आंघोळीनंतर अंग कोरडे करून कोपराच्या खळगीत एकच ठिपका लावते. वैशाखात तिथला मध दुपारच्या आतच संपतो, मार्गशीर्षात मात्र तो दिवेलागणीपर्यंत पुरतो. त्यानंतर गुलाब असा उरत नाही. सहाणेवर खोड उगाळून झाल्यावर बोटांना राहतो तसा गारसर, दुधाळ चंदनवास उरतो आणि त्याच्या तळाशी, शोधला तर, वाळलेल्या पाकळीची एक पुसट रेघ. परवा तिन्हीसांजेला शेजारच्या काकी पापडाचे पीठ मळायला बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे वाकून तेलाची वाटी ठेवली, तेव्हा त्यांनी मान वर करून विचारले, "देवळात जावन इलंस काय गो?"