मिरी थांबली, मी नाही

रविवार, रात्री साडेनऊ

दोनदा साबण लावूनही पायांचा खाडीचा वास जात नाहीये. मिरी हॉलच्या लादीवर आडवी. तिला आज काय घडलं याचं काही सोयरसुतक नाही. मला आहे, म्हणून लिहून ठेवते.

पहाटे साडेपाचला आम्ही गोराई जेट्टीवर. 'आम्ही' म्हणजे ब्रूनोचे काका, झूकची आई, बिजलीचा दादा आणि मिरीची मम्मी, म्हणजे मी. जवळजवळ वर्षभर दर रविवारी भेटतोय, पण झूकच्या आईचं खरं नाव मला गेल्या दिवाळीत कळलं. तेही गुगल पेवर. कुत्रेवाल्यांत असंच असतं, माणसाला नाव कुत्र्यावरून मिळतं.

ब्रूनो आणि मिरी जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर. चॉकलेटी रंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके, म्हणून मिरी. लिफ्टमध्ये हमखास कोणीतरी विचारतं, "डालमेशियन ना?" आता मी हो म्हणून टाकते. झूक वायमरानर, राखाडी, फिकट डोळ्यांचा. या जाती जर्मनांनी मुद्दाम 'सगळं येणारा एकच कुत्रा' म्हणून घडवल्या. वाऱ्यावरून पक्ष्याचा माग काढायचा, सापडला की न झडपता गोठून उभं राहायचं (हाच 'पॉइंट'), जमिनीवरचा आणि पाण्यातला पक्षी न चावता आणून द्यायचा. एकाच कुत्र्याने. बिजलीची गोष्ट वेगळी. ती कारवानी, लातूरकडची. ती बघते आणि धावते, नाक वगैरे भानगडीत पडत नाही. पण दादाला आमची सोबत आवडते आणि बिजलीला आमचा नाश्ता, म्हणून दोघं येतात.

बोटवाला आता ओळखीचा झालाय. कुत्री पुढच्या टोकाला, मोटारसायकली मधे, माशांच्या रिकाम्या टोपल्या मागे. मिरी कठड्यावर हनुवटी ठेवून पलीकडच्या तिवरांकडे बघत होती. नाकपुड्या सारख्या फडफडत होत्या. मला फक्त डिझेल येत होतं.

गोराईच्या एका मावशींचं भाताचं खाचर आहे. कापणी झाली की पुढे तीन-चार महिने ते रिकामं असतं आणि त्या आम्हाला येऊ देतात. मार्चपासून आम्ही तिकडे फिरकत नाही. टिटव्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती ढेकळांत अशी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. कुत्र्याला मात्र बरोबर कळतात. तेव्हा ते महिने आरेच्या रस्त्यांवर नुसतं दोरीवर चालणं.

आणि शिकार? शिकार अर्थातच नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ती बंद आहे आणि बंदच असावी. आमच्याकडे असतो नवऱ्याचा जुना मोजा. जमिनीवरच्या डमीत, म्हणजे खोट्या पक्ष्यात, वाळू, पाण्यातल्या डमीत बिसलरीची रिकामी बाटली, वरून सुतळीने बांधलेली कबुतराची पिसं. कबुतरांवरून अख्ख्या मुंबईत भांडणं झाली, पण आमच्या एसीच्या बाहेरच्या डब्याखाली पिसांचा तुटवडा कधी पडला नाही. मास्क आणि हातमोजे घालून गोळा करते. आई म्हणतात, "घरात झाडू मारताना एवढी काळजी घेतलीस तर बरं होईल."

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ते भूगोलाच्या पेपरापुरते. चाळिशीत उपयोगी पडले. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे पूर्वेकडून. कुत्र्याला वारा तोंडावर हवा, म्हणून खाचरात शिरायचं पश्चिमेच्या बांधावरून. उगवतं ऊन थेट आपल्या डोळ्यांत, पण त्याला इलाज नाही. दव असेपर्यंत वास जमिनीलगत राहतो. ऊन चढलं, माती सुकली की कुत्रं गोंधळतं, आणि दुपारकडे वारा उलटा फिरला की आपणही. त्यात मुंबईची दमट हवा. कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं आणि दमट हवेत ते धड होत नाही. म्हणून डिसेंबर असला तरी नऊला पाणी पाजून सावलीत. हा काकांचा नियम आहे, त्यावर चर्चा नाही.

काका आयुष्यभर बोटीवर होते. मुलीकडे अमेरिकेत गेले असताना त्यांनी तिथली एक चाचणी पाहिली, त्याला आता सात-आठ वर्षं झाली. या बहुगुणी शिकारी कुत्र्यांसाठी 'नॅव्हडा' नावाची संस्था आहे तिकडे, १९६९ पासूनची. तिची पहिली चाचणी 'नॅचरल अ‍ॅबिलिटी', म्हणजे अंगचे गुण. सोळा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांची. नाक, शोध, पाणी, पॉइंट, माग, कामाची ओढ आणि मालकाशी जुळवून घेणं, असं सगळं बघतात. पाण्यात स्वतःहून दोनदा पोहायला उतरावं लागतं. आणि काकांना सगळ्यात भावलं ते हे, की 'बस', 'झोप', 'शेकहँड' यातलं काहीही विचारत नाहीत.

मला हे आधी कळलं असतं तर माझे पैसे वाचले असते. मिरी तीन महिन्यांची असताना मी एक ट्रेनर लावला होता. त्याने तिला इतकं शिस्तीत आणलं की मोकळ्या मैदानात सोडली तरी ती माझ्या पोटरीला चिकटून चालायची आणि दर चार पावलांनी वर बघायची, बरोबर ना? बरोबर ना? सोसायटीत कौतुक. काकांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडातल्या तोंडात "अरेरे" म्हणाले. ती चिकट सोडवायला सहा महिने गेले. लांब दोरी लावायची, गप्प बसायचं आणि ती वीस फूट लांब गेली की खूश व्हायचं. मुळात पिल्लू लांब जाऊ नये म्हणून धडपडणारी बाई मी. मला ते जमायला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दुसरी चूक संपूर्ण माझी. काठीला दोरी, दोरीला पंख, आणि पिल्लापुढे तो नाचवायचा. पिल्लू पंजा उचलून पुतळ्यासारखं उभं राहतं. मी रोज संध्याकाळी तो खेळ करायचे, व्हिडिओ काढायचे, माहेरच्या ग्रुपवर टाकायचे. काका म्हणाले, "ती डोळ्याने पॉइंट करतेय, नाकाने नाही. काठी मोड." मोडली. तरी मिरी अजून भिंतीवरच्या पंख्याच्या सावलीपुढे अधूनमधून थबकते. मीच शिकवलेलं आहे ते.

आता आजचं.

दोन मोजे मी आधीच लपवून ठेवले होते. एक बांधाच्या कोपऱ्यात, एक पेंढ्यामागे. मिरीला सोडलं. पश्चिमेकडून शिरली, डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, वारा कापत. छान चाललं होतं. मग एकदम उजवीकडे, जिथे मी काहीही ठेवलं नव्हतं, तिथे तिची मान वळली आणि शरीर अर्ध्यात थांबलं. एखादं वाक्य मधेच थांबावं तसं. पुढचा डावा पाय उचललेला, पंजा आत दुमडलेला. शेपूट ताठ. पाठीवरचं कातडं तेवढं थरथरत होतं. समोर लव्हाळ्याचं एक बारकं बेट, डबक्याच्या कडेला.

मागून झूक येत होता. त्याने मिरीला पाहिलं आणि तोही होता तिथेच थांबला. त्याला वास लागला नव्हता, वारा त्याच्या बाजूने नव्हताच. केवळ मिरी थांबली म्हणून तो थांबला. याला 'ऑनर' म्हणतात, काका म्हणतात 'मान देणं'. हे काही कुत्र्यांत उपजत असतं, काहींना शिकवावं लागतं. झूकला आम्ही वर्षभर शिकवत होतो आणि त्याने ढिम्म दाद दिली नव्हती. झूकची आई माझ्या मागे हळूच म्हणाली, "अगं बघ ना!"

आणि मी काय केलं? मला माहीत होतं की मोजा तिथे नाही. मीच ठेवले होते, मला नाही कळणार? मला वाटलं, सावली असेल, ते जुनं पंख्याचं खूळ. मी पुढे गेले, पट्ट्याला हात घातला आणि म्हटलं, "चल, तिकडे शोध."

ती हलेना. मी ओढलं. त्या ओढण्यात तिचा पाय खाली आला, चिखलात 'चुबुक' आवाज झाला, आणि लव्हाळ्यातून एक पाणकोंबडी बाहेर पडली. पांढरी छाती, शेपटीखालचा तो विटकरी रंग, लांब बोटं टाकत पळाली आणि तिवरांत शिरली. सगळं मिळून दोन सेकंद.

मिरीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कुत्र्याच्या चेहऱ्यात माणसाचे भाव वाचू नयेत हे मला मान्य आहे. तरी. झूकही बघत होता. बिजली तर दोरीसकट दादाला घेऊन सुटली आणि दादा खाचरात गुडघ्यावर, पण ते सोडा.

काका काही बोलले नाहीत. ते ओरडले असते तर परवडलं असतं. थर्मासमधला चहा ओतून हातात दिला आणि म्हणाले, "मोजा कुठे आहे ते तुला माहीत होतं. पक्षी कुठे आहे ते तिला."

नऊला मावशींच्या पडवीत बसलो. वडापाव पलीकडून नेलेले, चहा त्यांचा. मावशींनी सगळं लांबून पाहिलं होतं. म्हणाल्या, "तुमची कुत्री काय पकडीत नाय, मंग एवढा लांब येता कशाला?" दादा हसला. मला उत्तर सुचलं नाही. काकांनी त्यांची नेहमीची सलीम अलींची गोष्ट काढली. खेतवाडीत मामाकडे राहणारा पोरगा, छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडतो, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसतो, ही कुठली म्हणून विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत जातो, आणि तिथले मिलार्डसाहेब त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटंच उघडून दाखवतात. १८८३ साली निघालेल्या त्या संस्थेत तेव्हा शिकारीच शिकारी होते. पाखरं ओळखायला या शहराला त्यांनीच तर शिकवलं, असं काकांचं म्हणणं. मावशी शांतपणे ऐकून म्हणाल्या, "ती पाणकोंबडी रोज सकाळी हिथंच असते. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

नंतर तळ्यावर. बाटलीवाला मोजा ब्रूनोने तीन वेळा आणला. पाण्यात उडी नाही, बोटीवरून उतरणाऱ्या काकांसारखा सावकाश उतरतो आणि सरळ रेषेत जातो. मिरी पोटापर्यंत गेली, उभी राहून विचार केला, परत आली. दुसऱ्यांदा मी काहीच बोलले नाही. शिट्टीसुद्धा खिशात. कंटाळून तीच गेली, पोहली, मोजा धरला, आणि काठावर येऊन अंग झटकायच्या आधी माझ्या हातात दिला. सहसा आधी झटकते आणि मोजा तिथेच पडतो. आज नाही. ती पंधरा महिन्यांची आहे. तिकडे असती तर परीक्षेला एकच महिना उरला असता, आणि तिला पास करायला मला आधी घरी ठेवावं लागलं असतं.

घरी आल्यावर नेहमीचा कार्यक्रम. कोमट पाण्याने पाय, बोटांच्या बेचक्या, कानांच्या आत. डबक्यात उंदरांचं मूत असतं, लेप्टोची लस दरवर्षी न चुकता देते, तरी साबण हवाच. मागच्या उजव्या पायाच्या दोन बोटांमध्ये एक गोचीड सापडली, मसूरडाळीएवढी. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपटली आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकली. मिरीने हूं की चूं केलं नाही. सकाळी ओढलं तेव्हाही नव्हतं केलं.

मंगळवार

ऑफिसला निघायच्या आधीची फेरी. चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या दारासमोर, मिरी अचानक थांबली. शेजारच्यांच्या चपलांच्या कपाटाकडे मान, डावा पाय वर, शेपूट ताठ. कपाट बंद. बघण्यासारखं काही नाही, सावलीही नाही. मला आठ सत्तावन्नची चर्चगेट फास्ट गाठायची होती.

मी पट्टा सैल सोडला आणि उभी राहिले.

शेजारचे आजोबा दुधाची पिशवी घेऊन जिन्याने वर आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता वरच्या पायरीवर तसेच थांबले. पिशवीतून थेंब थेंब पाणी गळत होतं.

लिफ्ट दोनदा येऊन गेली.