तुम्ही विचारलंत म्हणून : मंत्री म्हणाले की विषय संपला का?

रविवारी पनवेलला एमपीएससी करणाऱ्या मुलींबरोबर बसते तेव्हा दर बॅचमध्ये कुणीतरी हा प्रश्न विचारतंच, की मॅडम, शेवटी मंत्री सांगतील तेच करायचं असेल तर एवढा रात्रंदिवस अभ्यास करून अधिकारी झालो तरी आपल्या हातात राहतं काय? मी नगररचनेच्या नोकरीत ३१ वर्षं काढली, पण उत्तर देताना सुरुवात माझ्यापासून करत नाही, एव्हलिन शार्प नावाच्या एका ब्रिटिश बाईंपासून करते. मग लगेच दुसरा प्रश्न, या कोण? म्हणून आज सगळं एकदाच लिहून काढते.

शार्पबाई १९०३ च्या. वडील चर्चचे धर्मगुरू, शिक्षण ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात, विषय इतिहास. १९२६ साली परीक्षा देऊन त्या ब्रिटिश सरकारच्या सर्वात वरच्या प्रशासकीय श्रेणीत दाखल झाल्या, आणि ती परीक्षा बायकांसाठी तेव्हा नुकतीच खुली झाली होती. आपले चिंतामणराव देशमुख लंडनला आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले ते १९१८ साली, म्हणजे महाडजवळच्या नाते गावातला मुलगा तिथे जाऊन पहिला येत होता आणि तिथल्याच मुलीला तिथल्या सरकारात त्या दर्जाच्या परीक्षेला बसायची सोय नव्हती. हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो.

पास झाल्या म्हणून सगळं सुरळीत असंही नाही. लग्न केलं की बाईने नोकरी सोडायची हा नियम तिथे १९४६ पर्यंत होता, परराष्ट्र खात्यात तर १९७० च्या दशकापर्यंत टिकला. पुरुषाइतका पगार द्यायचं ठरलं १९५५ साली आणि तो पूर्ण हातात पडायला १९६१ उजाडलं. शार्पबाईंनी लग्न केलं नाही. आपल्याकडेही ते वारं आलंच होतं, अ‍ॅना राजम १९५१ साली आयएएसमध्ये आल्या तेव्हा लग्न केल्यास सेवा संपेल अशी अट त्यांच्या नेमणुकीत होती, आणि पुढे त्याच बाईंनी इथे आमच्या शेजारी न्हावा शेवाचं बंदर उभं करून दाखवलं. परराष्ट्र सेवेतल्या मुथम्माबाईंना तर असल्या नियमांविरुद्ध सुप्रीम कोर्टात जावं लागलं, निकाल १९७९ चा. मुलींना मी म्हणते की ही नावं पाठ करू नका, बायोडेटा म्हणून वाचू नका, या बायका रोज सकाळी ऑफिसात कशा गेल्या असतील तेवढं डोळ्यापुढे आणा.

आता कामाकडे येते, कारण माझा जीव तिथे आहे. महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडून घरं गेली होती, आधीच्या दाट वस्त्या वेगळ्याच, आणि १९४६ साली तिथे नवीन शहरांचा कायदा झाला. सरकारने महामंडळ स्थापायचं, महामंडळाने शेतीच्या भावाच्या आसपास जमीन घ्यायची, ६० वर्षांच्या मुदतीचं सरकारी कर्ज काढून रस्ते पाणी घरं शाळा सगळं बांधायचं. शार्पबाई त्याच साली नगररचना मंत्रालयात सचिवाच्या खालोखालच्या पदावर आल्या. पहिलं शहर स्टीव्हनेज. तिथले लोक इतके चिडले की मंत्री सिल्किनसाहेब सभेला गेले तर त्यांच्या गाडीच्या टायरमधली हवा सोडली आणि स्टेशनच्या पाटीवर गावाचं नाव बदलून, रशियन शहरांच्या नावांच्या चालीवर, 'सिल्किनग्राड' लिहिलं. तरी १९५० पर्यंत १४ शहरं जाहीर झाली. मग सरकार बदललं आणि इंग्लंडमध्ये पुढची जवळजवळ ११ वर्षं एकही नवीन शहर नाही, थेट १९६१ ला स्केल्मर्सडेल. शार्पबाई मधल्या काळात तो विषय धरूनच होत्या.

नवी मुंबई वसवणारं आपलं सरकारी महामंडळ सिडको, १९७० ला स्थापन झालं तेही याच मुशीतलं, महामंडळ, जमीन, विकसित भूखंड. आणि इथे टायरवर थांबलं नाही. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्यावर गोळीबारात पाच माणसं गेली, त्यानंतर शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या लढ्यामुळे साडेबारा टक्के आले, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. मी नोकरीला लागले तेव्हा ते सगळं ताजं होतं, त्यामुळे नकाशावर रेघ मारताना खाली कुणाचं तरी शेत आहे हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

१९५५ साली शार्पबाई गृहनिर्माण आणि स्थानिक शासन खात्याच्या परमनंट सेक्रेटरी झाल्या, आपल्या भाषेत खात्याच्या सचिव. ब्रिटनमध्ये त्या पदावर गेलेली पहिली बाई. आणि तिथे बसल्या ११ वर्षं. एकाच खात्यात ११ वर्षं सचिव, हे वाचून मुली माझ्याकडे बघतच राहतात, कारण आपल्याकडे सचिवाला खातं कळेपर्यंत बदलीची ऑर्डर निघते. डंकन सँडीज, हेन्री ब्रुक, चार्ल्स हिल, कीथ जोसेफ, रिचर्ड क्रॉसमन, पाच मंत्री त्या एका खुर्चीसमोरून गेले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या पाचव्या मंत्र्यात आहे. ऑक्टोबर १९६४, मजूर पक्ष १३ वर्षांनी सत्तेवर आला, पंतप्रधान विल्सन यांनी जमिनीसाठी एक नवीन मंत्रालय काढलं, मंत्री फ्रेड विली, आणि नगररचनाही तिकडेच द्यायची असं ठरत होतं. क्रॉसमन नवे, त्यांना यात काय जातंय ते धड कळलं नव्हतं. शार्पबाईंना कळलं. घरं एका मंत्र्याने बांधायची आणि ती कुठे बांधायची ते दुसऱ्याने ठरवायचं, म्हणजे फाईल दोन मंत्रालयांत हेलपाटे घालणार आणि वीट कुठेच लागणार नाही, हे त्या ठामपणे म्हणाल्या, आधी स्वतःच्या मंत्र्याला म्हणाल्या आणि मग सरकारातल्या वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत जाऊन लढल्या. नगररचना शार्पबाईंच्याच खात्याकडे राहिली. विलींचं मंत्रालय १९६७ साली गुंडाळलं गेलं. क्रॉसमन रोज डायरी लिहायचे, ती त्यांच्या मृत्यूनंतर १९७५ पासून छापून आली, सरकारने कोर्टात जाऊन थांबवायचा प्रयत्न केला तो फसला, आणि तिच्यात ते या बाईंवर वैतागलेलेही दिसतात आणि त्यांची ताकद मान्य करतानाही दिसतात.

मग एखादी हुशार मुलगी विचारते, पण मॅडम, त्यांना निवडून कुणी दिलं होतं? बरोबर आहे. मलाही हे कायम टोचतं. कारण याच काळात, १९५६ च्या कायद्याने, इमारत जितकी उंच तितकं सरकारी अनुदान जास्त असं झालं, जुन्या वस्त्या सरसकट पाडून टॉवर उभे राहिले, पुढे कारखान्यात बनवलेले काँक्रीटचे पॅनल आणून जोडायची घाई झाली, आणि शार्पबाईंचं खातं या सगळ्याच्या मागे होतं. त्या १९६६ ला निवृत्त झाल्या. १६ मे १९६८ ला लंडनच्या पूर्वेला रोनन पॉइंट या २२ मजली नव्याकोऱ्या इमारतीत १८ व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यासारखा कोसळला, चार जण गेले. एका बाईंच्या माथी मी ते मारत नाही, मंत्री होते, ठेकेदार होते, नगरपालिका होत्या. पण ११ वर्षं राहिलेल्या माणसाचं शहाणपण जसं खात्यात मुरतं तशी चूकही मुरते, आणि मंत्री निघून जातात, ती तिथेच राहते.

तरीसुद्धा मी त्यांचंच उदाहरण देते, आणि का ते सांगते. नोकरीत असताना एका गावाच्या लेआउटची फाईल माझ्याकडे आली होती. नकाशावर नाला जिथे दाखवला होता तिथे तो नव्हता, भूखंड मोठा व्हावा म्हणून कागदावर चाळीसेक मीटर सरकवला होता. मी जागेवर जाऊन आले होते, चपलेला त्या नाल्याचा चिखल होता. हिरव्या कागदावर तीन ओळींची टिपणी लिहिली, नाला प्रत्यक्ष कुठून जातो, पावसाळ्यात काय होईल. फाईल परत आली, शेरा एकच, 'चर्चा करावी'. वर गेले तर साहेब शांतपणे म्हणाले, मॅडम, एवढं लिहायची गरज नाही हो. कुणी धमकी दिली नाही, आवाजही चढवला नाही. मी जागेवर येऊन ते पान काढलं आणि 'स्थळपाहणी केली, प्रस्ताव सादर' एवढंच लिहिलं. आज तिथे इमारती आहेत आणि जुलैमध्ये तळमजल्यावर पाणी शिरतं.

म्हणजे मंत्र्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही. मंत्र्याला माहीतच नव्हतं की तिथे नाला आहे. मुलींना वाटतं की अधिकारी मंत्र्यापुढे हरतो, पण माझ्या नोकरीत मी जितक्या वेळा हरले तितक्या वेळा त्याच्या कितीतरी खाली, आमच्याच मजल्यावर हरले. शार्पबाई मंत्र्याला तोंडावर सांगायच्या आणि मग मंत्र्याने ठरवलं की ते करायच्या, यातला पहिला भाग आमच्याकडे गळतो.

मागच्या बॅचमधली एक मुलगी आता एका नगरपरिषदेत मुख्याधिकारी आहे. गेल्या आठवड्यात रात्री फोन, मॅडम, तलावाच्या काठाची जागा आहे, वरून निरोप आलाय, टिपणीत लिहू का? मी विचारलं, स्वतः बघितलंस? म्हणाली, टेप घेऊन मोजलं, पाणी कुठपर्यंत येतं त्याची खूण भिंतीवर आहे, फोटोही काढलेत. म्हटलं मग मोजलंस तेवढंच लिही, तारीख घाल, सही कर, निर्णय त्यांना घेऊ दे. तिने लिहिलं. फाईल अजून वरच आहे.