आधी कमजोर हात, मग चांगला

आईला स्ट्रोक आला त्याला आता साडेसात महिने झाले. मेंदूच्या उजव्या बाजूला आला म्हणून डावा हात आणि डावा पाय गेला. त्यातले सात आठवडे आम्ही रिहॅब हॉस्पिटलमध्ये काढले, म्हणजे ॲडमिट ती होती पण दिवसभर मीही तिथेच असायचे, आणि त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात आहे कारण तिथे जायच्या आधी मला वाटायचं रिहॅब म्हणजे दिवसातून दोनदा फिजिओ येणार, हातपाय हलवणार आणि जाणार.

पहिल्याच दिवशी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आल्या, म्हणजे कपडे, अंघोळ, खाणं अशी रोजची कामं परत शिकवणाऱ्या, सगळे त्यांना ओटी मॅडमच म्हणायचे. त्यांनी आईच्या मांडीवर पुढून बटणं असलेला शर्ट ठेवला आणि म्हणाल्या, "काकू, घाला बघू." मी सवयीने उठलेच, तर त्यांनी नुसता हात वर करून मला थांबवलं. आईने उजवा हात पटकन बाहीत घातला आणि मग अडकली, कारण आता दुसरी बाही पाठीमागे लोंबत होती आणि डावा हात तर तिथवर जाणारच नव्हता. पाच-सहा मिनिटं झटापट करून ती रडायला लागली. मॅडमनी थोडी मदत केली, बरीच केली खरं तर, आणि कागदावर 2 लिहिलं. मला इतका राग आला होता ना त्यांचा!

संध्याकाळी त्यांनीच मला तो कागद समजावून सांगितला. त्याला एफआयएम म्हणतात, फंक्शनल इंडिपेंडन्स मेझर, म्हणजे पेशंट रोजची कामं किती स्वतःची स्वतः करतो याचं मोजमाप. त्यात एकूण 18 गोष्टी असतात, 13 अंगमेहनतीच्या म्हणजे खाणं, अंघोळ, कपडे, संडासला जाणं, खाटेवरून खुर्चीत बसणं, चालणं, जिना वगैरे, आणि 5 समजण्या-बोलण्या-आठवण्याच्या. प्रत्येकीला 1 ते 7 गुण, म्हणजे कमीत कमी 18 आणि जास्तीत जास्त 126. 7 म्हणजे सगळं स्वतःचं स्वतः, 6 म्हणजे स्वतःच पण काठी किंवा एखादं साधन घेऊन किंवा जास्त वेळ लावून, 5 म्हणजे कोणीतरी नुसतं जवळ उभं राहिलं तरी पुरतं, आणि तिथून खाली जसजसा दुसऱ्याचा हात जास्त लागेल तसतसा आकडा उतरत जातो, 1 म्हणजे जवळजवळ सगळं दुसराच करतोय.

यात हाताची ताकद किती आली हे कुठेच विचारलेलं नाही. दुसऱ्या माणसाला किती करावं लागतं एवढंच विचारलंय. आणि पेशंटला काय जमू शकतं ते नाही, ती रोज खरंच काय करते ते लिहायचं. जिममध्ये थेरपिस्टसमोर शर्ट घातला पण सकाळी वॉर्डात मुलीनेच घालून दिला, तर वॉर्डातलाच आकडा खरा. त्याआधीच्या हॉस्पिटलात मी आईचं सगळं स्वतः करत होते आणि मला त्याचा अभिमान होता. त्या कागदाच्या भाषेत मी तिला 1 वर धरून ठेवलं होतं.

शर्टाची युक्ती दुसऱ्या दिवशी शिकवली: घालताना आधी कमजोर हात, मग चांगला, काढताना उलट, आधी चांगला. एवढं साधं! पण तिला ते एकटीला जमायला तीन आठवडे लागले, कारण प्रश्न फक्त हाताचा नव्हता. मेंदूच्या उजव्या बाजूला मार लागला की बऱ्याच पेशंटचं डावीकडे लक्षच जात नाही, डोळे चांगले असतात पण डावी बाजू जगात आहे हेच मेंदू विसरतो. आई केस विंचरायची ते फक्त उजवीकडचे. मग आम्ही बोलायला मुद्दाम तिच्या डावीकडे बसायचो, म्हणजे तिला मान वळवावी लागेल. फक्त नर्सला बोलवायची बेल मात्र कायम उजवीकडे, तिथे प्रयोग नाही.

खांद्याचं सांगायलाच हवं. आधीच्या हॉस्पिटलात कोणीतरी तिला उठवताना डावा हात धरून ओढलं होतं. खांदा धरून ठेवणारे स्नायू ढिले पडलेले असताना असं ओढलं की सांधा खाली सरकतो, तसंच झालं, आणि त्या दुखण्यामुळे पुढचे कितीतरी दिवस हाताचे व्यायाम अर्धवट राहिले. कृपा करून, तुमच्या घरी असा पेशंट असेल तर कमजोर हात धरून कधीही उठवू नका. कमरेला पट्टा बांधून तिथून धरायचं असतं.

रात्री दर दोन तासांनी नर्स येऊन कूस बदलायच्या. भाऊ वैतागला होता, झोपू द्या की तिला. मी नंतर वाचलं, लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरांनी 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला मणक्याच्या पेशंटसाठी विभाग सुरू केला, तेव्हा असे पेशंट बहुतेक करून बेडसोअर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आणि लघवीच्या इन्फेक्शननेच दगावायचे, आणि गुटमननी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलायचा हट्टच धरला. पॅरालिम्पिकची सुरुवातही त्याच माणसाने भरवलेल्या 1948 च्या स्पर्धेतून झाली. आईला सात आठवड्यांत एकही जखम झाली नाही.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा मुलगा वरच्या मजल्यावर होता, पंचविशीचा, मणक्याला मार, पाय हलत नव्हते आणि हलणारही नव्हते. भेटायला येणारे सगळे विचारायचे, चालायला कधी लागणार? आणि तो मुलगा मात्र फळीवरून सरकत खाटेवरून व्हीलचेअरवर, तिथून गाडीत, कोणाचाही हात न लावता जायला शिकला. त्या कागदावर व्हीलचेअर स्वतः चालवली तरी 6 मिळतात. मला तरी ते उत्तम रिहॅब वाटतं. म्हणून कोणी मला हॉस्पिटल कसं निवडायचं विचारलं तर मी म्हणते, किती जण चालत बाहेर पडले ते विचारू नका, आपल्यासारखेच पेशंट येताना किती गुणांवर होते आणि जाताना किती, घरी किती गेले, तिथे किती जण पडले, किती जणांना जखमा झाल्या, आणि महिनाभरात परत ॲडमिट किती झाले ते विचारा. सांगायला टाळाटाळ केली तर तेही लक्षात ठेवा.

डिस्चार्जच्या वेळी आईचे कपड्यांचे गुण 5 होते. घरी आल्यावर सकाळची घाई, माझं ऑफिस, आणि मी परत बाह्या चढवायला लागले, कळलंच नाही कधी. पहिल्या फॉलोअपला मॅडमनी विचारलं, "शर्ट कोण घालतं?" आई माझ्याकडे बघायला लागली. आकडा 3 झाला होता. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले.

आता अलार्म पाऊण तास आधीचा आहे. मी तिच्या डावीकडे खुर्ची टाकून बसते, हात मांडीखाली दाबून, आणि ती घालते. वरून तिसरं बटण अजून चुकतं. मागच्या फॉलोअपला परत 5 मिळाले, जिना 4 वर आहे, पुढची तारीख तीन आठवड्यांनी.