वरच्या फळीवरचे पिंजरे

यकृताचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडतो की तरंगतो, यावरून त्यातील चरबीचा पहिला अंदाज येतो. विच्छेदनाच्या दिवशी केवळ चरबीयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांचे दोन पिवळसर तुकडे तरंगतच राहिले. क्वेर्सेटिन हे वनस्पतींत आढळणारे अँटिऑक्सिडंट औषध म्हणून दिलेल्या गटाचे सारे तांबूस तुकडे मात्र तळाशी गेले.

बारा आठवडे हे उंदीर मी सांभाळले होते. चरबी, केसिन आणि कोलेस्टेरॉल मिसळून मी स्वतः वळलेले खाद्याचे गोळे फ्रीजमध्ये ठेवले आणि उरलेले रोज फेकले, कारण खानदेशातल्या मे महिन्यात चरबी पाहता पाहता खवट होते आणि खवट चरबी स्वतःच ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवते. अँटिऑक्सिडंट तपासणाऱ्यांपैकीही अनेक जण एवढी काळजी घेत नाहीत, याचे मला नवल वाटते. दुपारी थायोबार्बिट्युरिक आम्लासह यकृताच्या नमुन्यांच्या नळ्या उकळल्या; चरबीचे ऑक्सिडीकरण जितके जास्त, तितका त्यांतला गुलाबी रंग गडद. 532 नॅनोमीटरवर मोजण्याआधीच औषधगटाचा गुलाबी रंग फिकट असल्याचे डोळ्यांना दिसत होते. मार्गदर्शकांनी तर तेवढ्यावरच शोधनिबंधाचे शीर्षक सुचवले.

संध्याकाळी मी खाद्याची नोंदवही उघडली. शेवटच्या चार आठवड्यांत, म्हणजे औषध सुरू असताना, वातानुकूलन यंत्र नऊ दिवस बंद होते. बाहेर पारा 44 अंशांवर होता आणि प्राणिगृहात 22 अंशांच्या जागी 33. औषधगटाचे सगळे पिंजरे पश्चिमेच्या भिंतीलगत, वरच्या फळीवर होते आणि त्या दिवसांत त्यांचे खाद्य सर्वांत जास्त उरले होते. मदतनीस आप्पांनी ते मला सांगितलेही होते. मी मान डोलावून कामाला लागले होते. पिंजऱ्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायला हव्या होत्या, त्या मी सोयीने ठरवल्या.

वजन घटले की यकृतातील चरबी औषधाविनाही उतरते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चरबीयुक्त यकृत असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या रुग्णांवरील चाचणीत रोज 800 एकक ई-जीवनसत्त्व (तेही अँटिऑक्सिडंटच) 96 आठवडे दिल्यावर 43 टक्के रुग्णांच्या यकृताची स्थिती सुधारली, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 19 टक्के. आणि ती सुधारणा वजन न घटता झाली होती, म्हणूनच तिला किंमत. माझ्या औषधगटाचे उंदीर मात्र वजनाने उतरले होते. मार्गदर्शकांच्या मते भूक कमी होणे हाही औषधाचाच परिणाम म्हणून लिहावा.

प्राणी-नैतिकता समितीसाठी मी नवा अर्ज लिहिला आहे. त्यात एक जादा गट आहे: औषध नाही, पण औषधगट जेवढे खाईल तेवढेच मोजून दिलेले खाद्य. त्यावर मार्गदर्शकांची सही अजून झालेली नाही.