इटालियन क्रियापदं: तोडणं जमलं, आता जोराशी झटापट

मंडळी, अपडेट. इटालियन शब्दांची अक्षरं तोडणं बऱ्यापैकी हातात बसलंय, आता सगळी मारामारी जोराची. (ज्या अक्षरावर जोर, त्याच्या आधी ' टाकतोय.)

तोडण्याचं पटकन: डबल व्यंजन मधून तोडायचं, 'लेज्-जे-रे. र-ल सारखी जोडी पण मधूनच, पार्-'ला-रे. पण स नंतर व्यंजन आलं की दोघं मिळून पुढे जातात, रे-'स्ता-रे. वहीत र चा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसतो म्हणून मी तो मुद्दाम पाय मोडून लिहितो.

आता जोर. वर्तमानकाळात 'आम्ही', 'तुम्ही' सोडले तर बाकी चार रूपांत तो जागचा हलत नाही. मी बोलतो 'पार्-लो, म्हणून ते बोलतात 'पार्-ला-नो. राहणे म्हणजे आ-बि-'ता-रे, पण 'आ-बि-तो आणि 'आ-बि-ता-नो, चक्क मागून चौथं! मूळ रूप बघून हे कळायचा काही मार्गच नाही, त्यामुळे आता मूळ रूप आणि 'मी'चं रूप अशी जोडीच पाठ करतोय, बाकीचं आपोआप येतं.

मूळ रूप 'एरे'ने संपणाऱ्या क्रियापदांचा वेगळाच ताप. वे-'दे-रे पण 'क्रे-दे-रे. लॅटिनमध्ये पहिल्यात मधला ए दीर्घ, दुसऱ्यात ऱ्हस्व, म्हणून हा फरक. छान वाटलं, पण मग हसण्याचं 'री-दे-रे निघालं, लॅटिनमध्ये दीर्घ असून जोर मागे सरकलेला, आणि पडण्याचं का-'दे-रे बरोबर उलटं. म्हणजे लॅटिन अंदाजापुरतं ठीक.

सगळ्यात आवडलेली गोष्ट: 'स्तू-द्यो (मी अभ्यास करतो) दोन अक्षरी, इन्-'वी-ओ (मी पाठवतो) तीन अक्षरी, कारण इथे जोर आय वरच. म्हणून 'तू'च्या रूपात अभ्यासवाल्याला शेवटी एकच आय, पाठवणाऱ्याला दोन. एरवी जोर लिहून दाखवायला कंजूष असलेली भाषा इथे स्पेलिंगमधूनच सांगून टाकते!

आणि ते फेमस त्रिकूट: का-पि-'ता-नो कप्तान, 'का-पि-ता-नो 'घडतात', का-पि-ता-'नो 'त्याने नेतृत्व केलं'. खूण फक्त शेवटच्यावर लिहितात, पहिल्या दोघांचं संदर्भावरून ओळखा.

पुढचा नंबर शेपटीला सर्वनामं चिकटलेल्या रूपांचा. ते-'ले-फो-ना-मि, 'मला फोन कर', अजून झेपतंय, पण 'फाब्-ब्रि-का-मे-लो, 'मला ते बनवून दे', मागून पाचव्यावर जोर, बोलता बोलता दम लागतो. असल्या रूपांचे स्वच्छ, सावकाश बोललेले ऑडिओ कोणाकडे असतील तर पाठवा ना.