दसऱ्याच्या आत दाढ पूर्ण: धारूरमधला माझा दवाखाना

बीड जिल्ह्यातल्या धारूरला दाताचा दवाखाना टाकला, तेव्हा येणारे बहुतेक लोक एकच मागणी करायचे: "डॉक्टर, काढूनच टाका. फडात ठणकली तर कोण बघणार?"

बालाघाटातल्या आमच्या वाड्या-तांड्यांवरची जोडपी दसरा झाला की पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. अर्धवट रूट कॅनालचं तात्पुरतं सिमेंट इतके महिने टिकत नाही. लाळ झिरपते, जंतू पुन्हा आत शिरतात. दाढ सुजून काम बुडालं की मुकादम खाडा धरतो आणि तो पैसा उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशातून कापला जातो. दाढ काढा म्हणणाऱ्याचा हिशेब चोख होता. बदलायचं होतं ते माझं वेळापत्रक.

म्हणून पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतच्या सकाळी मी फक्त या गावांसाठी राखल्या. कर्ज काढून मुळाची नळी झटपट साफ करणारं रोटरी मशीन आणि मुळाची लांबी मोजणारं अपेक्स लोकेटर घेतलं. नस जिवंत असेल आणि पू नसेल, तर रूट कॅनाल एकाच बैठकीत पूर्ण करतो. पू असेल तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध भरून पुढच्या आठवड्यात परत बोलावतो. पक्की फिलिंग झाल्याशिवाय मात्र कुणाला जाऊ द्यायचं नाही. कॅप राहिली तर दाढेची उंची थोडी कमी करतो, म्हणजे भाकरी चावताना ती तडकत नाही.

पैशाचा प्रश्न जास्त नाजूक होता. लोक येतात तेव्हा हातात उचल असते, पण ते त्यांच्या डोक्यावरचं कर्ज आहे. ते सगळं दातात घालायला लावणं मला पटत नाही. म्हणून मटेरियल आणि लॅबचा खर्च आधी घेतो, माझी फी परतल्यावर. दर मराठीत भिंतीवर लिहिलेत. वहीत नाव, गाव, दाढ आणि बाकी एवढंच असतं. बहुतेक जण स्वतःहून येऊन बाकी फेडतात, आणि येताना आईला नाहीतर भावजयीला दाखवायला आणतात. दवाखाना खरा वाढला तो यातून.

कागदपत्रं किचकट वाटली तरी होतात. एक्स-रे मशीनची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे ऑनलाइन नोंदणी आणि कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आधीच उरकून घ्यावी. लाइटचं दुखणं मोठं. अवजारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला 121 अंश आणि 15 पौंड दाब लागतो, आमच्या इन्व्हर्टरवर तो चालत नाही. त्यामुळे अवजारांचे जादा सेट घेतले. सहाय्यक ताई पहाटे लाइट असतानाच ते निर्जंतुक करून पाकिटबंद ठेवतात.

दाढ कुठलीही दुखो, मी पूर्ण तोंड तपासतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी तो तोंडात सापडतो, बायकांमध्ये मिसरी. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील किंवा न भरणारी जखम दिसली, तर कॅन्सरच्या शंकेने अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतो आणि गेले की नाही ते फोन करून विचारतो. या फोनची फी नसते, पण तो कधीच चुकवत नाही.

आता दुसरी खुर्ची बसवली आहे आणि अंबाजोगाईची एक डॉक्टर मैत्रीण आठवड्यातून दोनदा येते. काही मुकादम तर टोळी निघायच्या आधी स्वतःच फोन करून नावं लिहायला सांगतात. एप्रिलमधल्या कॅपची यादी आम्ही आत्ताच गावनिहाय लावून ठेवली आहे.